मदत हवी आहे: डायग्नोस्टिक सत्रादरम्यान गाडीतून येणारे सुरक्षा अलर्ट दडपावेत का?

नमस्कार.

मी एका मोटारनिर्मिती कंपनीत सायबर सुरक्षा विश्लेषक आहे. पूर्वी मी कार्यालयीन नेटवर्कच्या देखरेखीचे काम करत असे. आता रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांकडून येणाऱ्या सुरक्षा अलर्टची छाननी हे माझे मुख्य काम आहे. ज्यांनी ईसीयू (गाडीचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे संगणक), कॅन बस (त्यांना जोडणारी संदेशवाहिनी) किंवा गाड्यांच्या सुरक्षा देखरेख केंद्रात प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांचे मार्गदर्शन मला एका नेमक्या प्रश्नावर हवे आहे. गाडीला डायग्नोस्टिक (बिघाड तपासण्याचे) उपकरण जोडलेले असताना येणारे अलर्ट आपोआप बाजूला काढणारा नियम लावावा का, आणि लावायचाच झाला तर कोणत्या अटींवर?

आमच्या गाड्यांच्या गेटवेमध्ये, म्हणजे गाडीतली अंतर्गत नेटवर्के एकमेकांना जोडणाऱ्या ईसीयूमध्ये, घुसखोरी ओळखणारे सॉफ्टवेअर आहे. कॅनवरच्या संदेशात तो कोणी पाठवला याची नोंदच नसते, त्यामुळे हे सॉफ्टवेअर मुख्यतः संदेशांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवते. एखादा संदेश दर १० मिलिसेकंदांनी येणे अपेक्षित असेल आणि तो त्याहून दाट येऊ लागला, तर खऱ्या ईसीयूच्या जोडीने दुसरे कोणीतरी तोच संदेश पाठवत असल्याची शंका घेता येते. तो येईनासा झाला, तर कोणीतरी त्या ईसीयूला गप्प केले असावे. तत्त्व साधे आहे आणि प्रयोगशाळेत ते उत्तम चालते.

वर्कशॉपमध्ये मात्र याच खुणा अगदी वैध कारणांनी उमटतात. ईसीयूमध्ये नवे सॉफ्टवेअर भरताना बस मोकळी राहावी म्हणून यूडीएस या डायग्नोस्टिक प्रोटोकॉलमधील कम्युनिकेशन कंट्रोल सेवा वापरून इतर ईसीयूंचे नेहमीचे संदेश मुद्दाम थांबवले जातात, आणि आमच्याकडे हरवलेल्या संदेशांच्या अलर्टची रांग लागते. नवा ईसीयू बसवल्यावर त्यात योग्य की (गुप्त सांकेतिक किल्ली) भरलेली नसेल किंवा सेकऑक या संदेश-पडताळणी पद्धतीतला फ्रेशनेस काउंटर (संदेश ताजा असल्याचे दाखवणारा आकडा) इतरांशी जुळलेला नसेल, तर संदेशांची सत्यता पडताळणी फसते. नुसत्या अलर्टवरून पाहिले तर हे जुने संदेश पुन्हा पाठवण्याच्या हल्ल्यासारखेच दिसते. बॅटरी क्षीण असताना स्टार्टर फिरवला की व्होल्टेज खाली जाऊन काही ईसीयू रीसेट होतात, ती भर वेगळीच. आमच्याकडे पोहोचणाऱ्या अलर्टमध्ये मूळ फ्रेम (बसवरचे प्रत्यक्ष संदेश) नसतात, फक्त नियमाचा क्रमांक, वेळ आणि थोडी आकडेवारी असते, म्हणून मागे जाऊन खात्री करण्याची सोयही तुटपुंजी आहे.

आमच्या विभागातील प्रस्ताव असा आहे की डायग्नोस्टिक सत्र चालू असल्याची खूण अलर्टसोबत आली, तर तो अलर्ट विश्लेषकांपर्यंत येऊच द्यायचा नाही. प्रस्तावामागची अडचण खरी आहे, कारण निरर्थक अलर्ट वाचून थकलेल्या माणसाच्या हातून खरा अलर्टही निसटू शकतो. तरीही मला हा नियम धोकादायक वाटतो. सत्र चालू असल्याची खूण ज्या बसवरून येते, तिच्यावरच आपला संशय आहे, आणि हल्लेखोरालाही डायग्नोस्टिक सत्र उघडता येते. त्यासाठी ओबीडी पोर्टला (गाडीतल्या डायग्नोस्टिक जोडणीच्या सॉकेटला) काही जोडलेच पाहिजे असेही नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी जीप चेरोकीच्या इन्फोटेनमेंट प्रणालीत मोबाइल नेटवर्कवरून शिरून कॅनवर संदेश पाठवून दाखवले आणि त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यात पोर्टला कोणतेही उपकरण जोडलेले नव्हते. कार्यालयात संशयास्पद संगणक नेटवर्कपासून तोडता येतो, पण धावत्या गाडीतला ईसीयू तसा तोडता येत नाही. म्हणून सुरुवातीची खूणच दडपणे मला इथे फार महाग वाटते.

माझा पर्यायी विचार असा आहे की अलर्ट काढून टाकायचा नाही, फक्त त्याचा अग्रक्रम कमी करायचा, आणि तोही गाडीबाहेरचा पुरावा असेल तरच. अधिकृत वर्कशॉपचे उपकरण आमच्या सर्व्हरवर स्वतःची ओळख पटवते, त्यामुळे चासी क्रमांक आणि वेळ यांवरून ते सत्र व जॉब कार्ड त्या अलर्टशी जुळवता येईल. हे सर्व आमच्या सर्व्हरवर करता येण्याजोगे आहे. गेटवेमधले नियम बदलायचे तर पुरवठादाराकडून नवे सॉफ्टवेअर घेऊन, सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम १५६ ची प्रक्रिया पार पाडून, ते प्रत्येक गाडीत पोहोचवावे लागेल.

मी अडले आहे ती जुळवणीवर. बॅटरी काढली की काही गाड्यांचे घड्याळ चुकते, आणि नेटवर्क नसेल तर अलर्ट बऱ्याच उशिराने पोहोचतो, त्यामुळे वेळेची खिडकी किती रुंद ठेवावी हे ठरत नाही; रुंद ठेवली तर तिच्यात काहीही बसते. स्वतंत्र गॅरेजची सत्रे आमच्या नोंदीत येतच नाहीत, आणि त्यांच्याकडे गेलेल्या प्रत्येक गाडीला संशयित मानणे मला अन्यायाचे वाटते. गाडीचा वेग शून्याहून अधिक असेल तर अलर्ट कधीच खाली ढकलायचा नाही, असा नियम मी सुचवला होता, परंतु दुरुस्तीनंतर तंत्रज्ञ उपकरण जोडलेले ठेवूनच चाचणीफेरी मारतात, हे सेवा विभागाने निदर्शनास आणून दिले आणि ते बरोबर आहे.

लेखापरीक्षणाचीही चिंता आहे. गाड्यांच्या सायबर सुरक्षेविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम १५५ नुसार उत्पादकाने हल्ल्यांवर देखरेख ठेवून तिचे निष्कर्ष वर्षातून किमान एकदा मान्यता देणाऱ्या प्राधिकरणाला कळवायचे असतात, आणि आयएसओ/एसएई २१४३४ या गाड्यांच्या सायबर सुरक्षेच्या मानकामध्ये छाननीचे निकष आधी ठरवून ठेवणे अपेक्षित आहे. अग्रक्रम कमी करण्याचा नियम त्या निकषांत नेमका कसा लिहावा, जेणेकरून परीक्षकाला तो डोळेझाक वाटणार नाही?

आपापल्या कंपनीचे गोपनीय तपशील कोणीही देऊ नयेत. मीही गाडीचे मॉडेल किंवा लॉगचे नमुने देऊ शकणार नाही. देखरेखीसाठी कोणते उत्पादन घ्यावे, हाही माझा प्रश्न नाही. ज्यांनी अशी जुळवणी प्रत्यक्ष चालवली आहे, त्यांनी वेळेची खिडकी कशाच्या आधारे ठरवली आणि स्वतंत्र गॅरेजमधून आलेल्या गाड्यांसाठी कोणती दुसरी खूण वापरली, एवढे सांगितले तरी मला पुढचा मसुदा लिहिता येईल. फंक्शनल सेफ्टीच्या (यंत्रणेतील बिघाडामुळे अपघात होऊ नये हे पाहणाऱ्या) चमूला या निर्णयात कोणत्या टप्प्यावर सहभागी करून घ्यावे, याबद्दलचा अनुभवही अवश्य लिहावा, कारण सध्या आमच्याकडे त्यांना सर्वांत शेवटी विचारले जाते आणि ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या संदेशांबाबत तो क्रम मला पटत नाही.