स्लॅबले पाणी कोणतं घ्याचं?

(फॅमिली ग्रुप, दर्यापूर तालुका)

दिनेश: परवा सकाळी स्लॅब आहे. सेंट्रिंग झालं, लोखंड बांधून झालं, गिट्टी-रेती अंगणात येऊन पडली. मिस्त्री म्हणते, पाणी घरच्या बोअरचंच घेऊ. माधुरीताई, चालते ना?

माधुरीताई: नाही दिनेश. बोअरचं पाणी स्लॅबला अजिबात नको. आपलं गाव खारपाणपट्ट्यात आहे, इथं जमिनीतलं पाणीच खारं.

मोठे बाबा: आपला जुना वाडा इथल्याच विहिरीच्या पाण्यावर उभा राह्यला बाप्पा. अजून काई झालं नाई त्याले.

माधुरीताई: मोठे बाबा, वाडा माती-विटांचा. त्यात लोखंड कुठं होतं? लोखंड आहे ते मागच्या न्हाणीच्या छज्जात. कविता, त्या छज्जाचा खालून एक फोटो टाक बरं.

कविता: 📷 टाकला. पोपडे निघाले आहेत ताई. सळई उघडी पडली, हात लावला की तांबडा भुगा हाताला लागते. आणि तडा पाहा, सळईच्या रेघेनंच सरळ गेला.

माधुरीताई: हेच दाखवायचं होतं. काँक्रीट दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चं असतं. ताण सोसायची ताकद दाबाच्या जेमतेम दहावा हिस्सा. स्लॅबवर वजन आलं की मधल्या भागात खालची बाजू ताणली जाते, म्हणून तिथं सळई. सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे काँक्रीटच्या आत सळईवर एक पातळ थर धरतो आणि तो तिला गंजू देत नाही. मिठातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. त्या छज्जात कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, तेही कमी दिसतं, त्यामुळे आणखी लवकर झालं.
आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सळईच्या काँक्रीटला लागणाऱ्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. सळई नसेल तर २०००. यावरून समजा, भीती कशाची आहे ते.

सुरेशभाऊजी: मग सिमेंटची दोन पोती वाढवली तर?

माधुरीताई: भाऊजी, सिमेंट वाढवल्यानं मीठ कुठं जात नाही. पोत्याचा पैसा तेवढा जाईल.

दिनेश: पण ताई, एवढं गोडं पाणी आणायचं कुठून? नळ एक दिवसाआड येते.

माधुरीताई: हिशेब कर. स्लॅब ८०० चौरस फूट, जाडी पाच इंच. म्हणजे साडेनऊ घनमीटरच्या आत काँक्रीट. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे आठ पोती धर, एकूण पंचाहत्तर-ऐंशी. ५० किलोच्या एका पोत्याला पाणी जास्तीत जास्त ३० लिटर. ऐंशी पोत्यांना २४०० लिटर. बीम धरून थोडं वाढेल, पण ५००० लिटरचा एक टँकर बोलावला तर पाणी उरेल. पिण्याचं पाणी काँक्रीटला सहसा चालतं, तेव्हा पिण्याचाच टँकर सांग.

सुरेशभाऊजी: ३० लिटरमध्ये माल घट्ट होईल. मिस्त्री ऐकणार नाही, त्याला पातळ पाहिजे.

माधुरीताई: मला खरी काळजी त्याचीच आहे. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते म्हणून घट्ट होतं. त्या क्रियेला लागतं त्याहून जास्त पाणी घातलं की ते नंतर उडून जातं आणि मागे बारीक भोकं राहतात. ताकद तिथंच कमी होते. पुढं पावसाचं पाणी त्याच वाटेनं सळईपर्यंत जातं. माल नीट पसरायला व्हायब्रेटर लावायचा, पाणी वाढवायचं नाही.
दिनेश, मिक्सरजवळ १५ लिटरची बादली ठेव. एका पोत्याला दोन बादल्या, बस. रेती ओली असेल तर त्याहून कमी, कारण तिच्यातलं पाणीही यातच धरायचं असतं.

कविता: रेती-गिट्टी घमेल्यानं टाकतात. ते बरोबर असते का?

माधुरीताई: घमेलं कधी शिगोशीग, कधी अर्धं. ३५ लिटरचा फर्मा, म्हणजे मापाची पेटी, करून घ्या, एक पोतं सिमेंट जवळपास तेवढंच भरतं. एका पोत्याला दीड फर्मा रेती, तीन फर्मे गिट्टी. ओली रेती फुगते आणि फर्म्यात कमी भरते, तेव्हा रेतीचा फर्मा थोडा जास्त घ्यायचा. आणि रेती पाहून घे कविता. काचेच्या बाटलीत रेती अन् पाणी घालून हलव, थोडा वेळ ठेव. वर गाळाचा जाड थर बसला तर रेती धुवायला लाव.

मोठे बाबा: तराई किती दिवस कराची?

माधुरीताई: तुमच्याकडे पोती पीपीसीची आहेत, फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाची राख मिसळलेल्या सिमेंटची. त्याची ताकद सावकाश येते, म्हणून दहा दिवस तरी ओलं राहिलंच पाहिजे, या उन्हात तर चौदा दिवस करा. वाफे करून पाणी भरा, नाहीतर ओली तरटं टाका. तराईचं पाणीही गोडंच. खारं पाणी वर साचवलं तर मीठ आतच जाईल.

मोठे बाबा: सकाळ-संध्याकाळ मी पाह्यतो ते. पोराईच्या भरोश्यावर नाई ठेवत.

दिनेश: टँकरवाल्याला फोन केला, परवा सहा वाजता येतो म्हणते. तराईसाठी दुसरा नंतर सांगतो. मिस्त्रीलाही बोललो, आधी नाही म्हणाला, मग छज्जाचा फोटो दाखवला.

माधुरीताई: छान. खाली कव्हर ब्लॉक लागले का ते उद्याच मोजून घे, वीस एमएम पाहिजेत. सळई फळीला टेकलेली नको.

कविता: बादली मोजायला मिक्सरजवळ मी थांबते ताई.