शून्यातून बँकरोल: फुकटच्या चिप्सवर शिस्त बसवता येते का?

खानापूर_लाईन

नमस्कार मंडळी. पोकरमधल्या होल्डेमचे नियम, हातांची उतरंड, पोझिशन (कोण आधी बोलतो, कोण नंतर) म्हणजे काय, एवढं येतं. ऑनलाइनचे पैशाचे टेबल ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाले, त्यामुळे सध्या फुकटच्या चिप्सचं ॲप. सुरुवातीला १०,००० चिप्स मिळतात, संपल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळतात. त्यामुळे हरल्याचं काहीच वाटत नाही आणि मी सरळ २५/५० वर (म्हणजे लहान ब्लाइंड २५, मोठा ५०; ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी सक्तीनं लावायच्या चिप्स) जाऊन बसतो.

लहानात लहान टेबलावरून नीट बँकरोल (खेळासाठी वेगळी ठेवलेली रक्कम) कसा वाढवायचा, ते शिकायचंय. कुठल्या टेबलावर बसू? वर कधी जायचं, खाली कधी यायचं? तीन हजार हातांत सहा बाय-इन (बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना घेतलेली रक्कम) गेलेत, हा खेळ चुकतोय की पत्ते? आणि व्हॉट्सॲपवर एकजण म्हणतोय, "क्लबमध्ये ये, ५०० रुपये यूपीआयने टाक, चिप्स देतो." त्यात जावं का, की सरळ गोवा गाठावा?

निपाणी_रोजकीर्द

बँकरोल बाय-इनमध्ये मोजायचा. १०,००० चिप्स ऐकायला भरपूर वाटतात, पण २५/५० ला पूर्ण बाय-इन म्हणजे १०० बिग ब्लाइंड, ५,००० चिप्स. म्हणजे तुमच्याकडे फक्त दोन बाय-इन आहेत. एक्क्यांची जोडी दोनदा कुणाच्या सेटपुढे (तीन सारख्या पत्त्यांपुढे) पडली की सगळं साफ. त्याच चिप्स १/२ वर नेल्या तर बाय-इन २०० चा, म्हणजे ५० बाय-इन हाताशी. तिथंच बसा.

कॅश टेबलाला २० बाय-इन ही किमान मर्यादा, ३० असतील तर बरं. सिट अँड गोला (ठरलेले खेळाडू जमले की सुरू होणारी छोटी टूर्नामेंट) ५०, मोठ्या टूर्नामेंटला १०० तरी. टूर्नामेंटला जास्त लागतात, कारण बक्षिसाचा मोठा वाटा पहिल्या दोन-तीन जागांना जातो आणि तिथपर्यंत पोचणं क्वचित होतं.

पोकरचे नामवंत खेळाडू ख्रिस फर्ग्युसन यांनी २००६ मध्ये शून्य डॉलरपासून सुरुवात करून १०,००० पर्यंत नेले होते. सुरुवात फ्रीरोलनं (प्रवेश फुकट, बक्षीस खरं), आणि एकूण दीड वर्षाच्या आसपास लागलं. त्यांचे नियम लिहून भिंतीला लावण्यासारखे आहेत: कॅश किंवा सिट अँड गोला बँकरोलच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त लावायचं नाही, मोठ्या टूर्नामेंटला २ टक्के, आणि नो-लिमिट (हवं तेवढं लावता येतं अशा) कॅशमध्ये आपल्यापुढची रास बँकरोलच्या १० टक्क्यांवर गेली की ब्लाइंड आपल्यापर्यंत आले की उठायचं. अगदी बारीक रकमेच्या खेळांना तेवढी सूट होती. शेवटचा नियम बहुतेकांना पटत नाही, कारण जिंकत असताना उठायचं जिवावर येतं. पण टेबलावरची सगळी रास एका हातात जाऊ शकते, आणि १० टक्क्यांच्या वर ती गेली तर घाव मोठा बसतो.

आता वही. शंभर पानी घ्या आणि सहा रकाने आखा: तारीख, टेबल, किती हात, किती घालून बसलो, किती घेऊन उठलो, का उठलो. एक ओळ अशी दिसेल: १/२, १८० हात, घातले ४०० (२०० आणि पुन्हा २००), उठलो ३१०, वीज गेली. म्हणजे ९० चा तोटा. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. महिन्याभरानं त्यात "राग आला" किंवा "भरून काढायला बसलो" असं तीन-चारदा दिसलं, तर तोटा कुठल्या वेळी होतो ते हातांचा हिशेब न लावताही समजतं.

दुसऱ्या दिवशी ॲप देतं त्या चिप्स वहीत जमा करायच्या नाहीत. वहीतले १०,००० संपले तर "संपले" असं लिहा, आठ दिवस टेबल बंद, आणि त्या आठ दिवसांत हरलेले मोठे हात तपासा. हरल्याचं काही वाटत नाही म्हणताय ना, त्याला हाच इलाज.

आणखी एक. खऱ्या टेबलावर पॉटमधून (मधे जमलेल्या राशीतून) रेक, म्हणजे खेळवणाऱ्याचा वाटा, कापतात, आपल्याकडे पटावर नाल काढतात तसाच. फुकटच्या टेबलावर तो बहुतेक नसतो, त्यामुळे तिथला नफा फुगलेला दिसतो. १०० हातांत फ्लॉप (टेबलावर उघडलेली पहिली तीन पानं) बघून सात पॉट जिंकले, सरासरी २० ब्लाइंडचे, तर ५ टक्क्यांनी ७ ब्लाइंड नाल झाली. ती वहीत वजा करत जा. १०० हातांना १० ब्लाइंड कमावतोय असं वाटत असलं, तर खरे ३ च आहेत.

शहापूर_इस्पीक

टेबलाबद्दल बोलतो. चिप्सच्या टेबलावर लोक पत्ते बघायला आलेले असतात, फोल्ड करायला (पत्ते टाकून द्यायला) नाही. त्यामुळे ब्लफ जवळजवळ बंद. चांगला हात लागला की पैसे लावायचे, आणि नेहमीपेक्षा मोठे लावायचे. नुसता लिम्प (फक्त मोठ्या ब्लाइंडएवढं भरून आत येणं) कधीच करू नका. रेझ करताना (बोली वाढवताना) ४ ब्लाइंड धरा, आधी जितके लिम्प आलेत तितके ब्लाइंड त्यात मिळवा.

एक हात पूर्ण बघू. टेबल १/२, तुमच्यापुढे २००, तुम्ही बटणावर (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलणारी जागा), हातात एक्का-राजा. दोघांनी लिम्प केला. तुमचा रेझ १२. ब्लाइंडवाले गेले, दोघे लिम्पवाले आले. पॉट ३९. फ्लॉप: इस्पीक राजा, चौकट सत्ती, किलवर दुर्री. चेक, चेक (दोघंही काही लावत नाहीत). तुम्ही २६ लावा. एकजण कॉल करतो (तेवढेच घालतो), पॉट ९१. टर्नला (चौथं पान) बदाम पंजी. तो चेक, तुम्ही ६०. कॉल. पॉट २११, तुमच्याकडे उरले १०२. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) निरुपद्रवी पत्ता आला आणि तो चेक झाला, तर १०२ सगळे आत. राजा-गुलाम, राजा-नव्वी, कधी सत्तीची जोडीसुद्धा कॉल करते. बघा, फ्लॉप आणि टर्नला पॉटच्या दोन-तृतीयांश लावत गेलं की रिव्हरला १०० ब्लाइंडची रास आपोआप आत जाते. फ्लॉपवर भीतभीत १० लावणारा जिंकला तरी निम्मंच घेऊन उठतो, आणि लहान टेबलावर नालेनंतर नफा उरतो तो याच हातांतून.

याच हातातली मोठी चूक: तोच लिम्पवाला टर्नला तुमच्या ६० वर रेझ करतो आणि तुम्ही "माझा एक्का-राजा आहे की" म्हणून सगळं लावता. सारखा चेक-कॉल करणारा माणूस अचानक रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे दोन जोड्या किंवा सेट असतो. फोल्ड करा. गेले ९८, वाचले १०२. असे हात महिन्यात दहा वाचवले तर पाच बाय-इन शिल्लक राहतात.

लहान जोड्या, दुर्रीपासून सत्तीपर्यंत: फ्लॉपला सेट लागायचं प्रमाण साधारण साडेआठात एकदा. म्हणून रेझ कॉल करताना दोघांकडेही कॉलच्या निदान पंधरापट रास हवी. समोरच्याकडे ४० च उरले असतील आणि रेझ १२ चा असेल तर सोडा. सेट लागूनही मिळणार काय?

गणित_टिळकवाडी

सहा बाय-इनच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देतो. सहाजणांच्या नो-लिमिट टेबलावर प्रमाण विचलन (निकाल सरासरीच्या किती वर-खाली जातात त्याचं माप) १०० हातांमागे ८० ते १०० ब्लाइंड असतं. ९० धरू. समजा तुम्ही खरोखर चांगले खेळता आणि १०० हातांना ५ ब्लाइंड कमावता. ३,००० हातांत अपेक्षित नफा १५०, आणि विचलन ९० गुणिले ३० चं वर्गमूळ, म्हणजे ४९३. तुम्ही ६०० उणे आहात, म्हणजे अपेक्षेपेक्षा ७५० खाली, दीड विचलनाच्या आसपास. चांगल्या खेळाडूला असं शंभरात सहा-सात वेळा होतं. त्यामुळे फक्त या आकड्यावरून काही ठरत नाही, पण खेळ तपासायची वेळ मात्र आली आहे.

तपासायचं असं: ५० ब्लाइंडच्या वर हरलेले हात बाजूला काढा. पैसे आत गेले त्या क्षणी पुढे कोण होतं, ते प्रत्येकापुढे लिहा. समोरचा फ्लॉपवर फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाची चार पानं, पाचव्याची वाट) घेऊन आत आला असेल तर रिव्हरपर्यंत त्याचा फ्लश ३५ टक्के वेळा लागतो. असे हात हरणारच, ते खेळाच्या खात्यात धरू नका. पण वीसपैकी बारा हातांत पैसे जाताना तुम्हीच मागे होता, तर पत्त्यांचा दोष नाही.

१०,००० हातांनंतरही ५ ब्लाइंडवाला खेळाडू दहापैकी तीन वेळा तोट्यातच असतो. १ लाख हातांनंतर हे प्रमाण शंभरात चारवर येतं. लहान टेबलावर हातांची संख्या जमवणं महत्त्वाचं, ते यासाठी.

रोजकीर्द यांनी २०-३० बाय-इन सांगितलेत, त्यामागचं सूत्र: बुडण्याची शक्यता म्हणजे ई या स्थिरांकाचा उणे घात, आणि तो घात म्हणजे दोन गुणिले नफ्याचा दर गुणिले बँकरोल, भागिले विचलनाचा वर्ग. दर ५ असेल तर २० बाय-इनवर बुडायची शक्यता ८.५ टक्के, ३० वर २.५, ४० वर ०.७. दर २ असेल तर २० बाय-इनवर ३७ टक्के आणि ३० वरसुद्धा २३. दर शून्य किंवा उणे असेल तर कितीही बाय-इन आणा, आज ना उद्या बुडणार. बँकरोल फक्त जिंकणाऱ्याला वाचवतो.

कोगनोळी_नाका

क्लबबद्दल: जाऊ नका. हे उत्तर कायद्याच्या भीतीपेक्षा पैशाच्या सुरक्षिततेसाठी आहे, पण कायदाही माहीत असू द्या. ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. पैसे लावून खेळवणं बंद. खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आधी कर्नाटकानं २०२१ मध्ये स्वतःची बंदी आणली होती, ती उच्च न्यायालयानं १४ फेब्रुवारी २०२२ ला रद्द केली. ती बंदी होती तेव्हा कोगनोळी नाक्याच्या अलीकडं, कर्नाटकात एक नि पलीकडं महाराष्ट्रात कागलला दुसरं, असं म्हणता येत होतं. आता दोन्हीकडं एकच.

क्लबचं काम असं चालतं: ॲपमध्ये चिप्स फुकटच्याच असतात, त्यांना रुपयाची किंमत एजंट तोंडी देतो. तुमचे ५०० त्याच्या खात्यात, तुमच्याकडे फक्त त्याचा शब्द. जिंकून २,००० मागितले आणि त्यानं नंबर बंद केला, तर ॲपवाला म्हणणार आमचा पैशाशी संबंध नाही. दुसरं, एकाच टेबलावर तिघे फोनवर एकमेकांना पत्ते सांगत बसले तर पकडणार कोण? तिसरं सगळ्यात वाईट. एजंटचे यूपीआय आयडी सारखे बदलतात आणि त्यातून कधी कुणाच्या फसवणुकीचे पैसे फिरतात. ज्याचे गेले तो १९३० वर तक्रार करतो, माग लागत लागत तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक ती रक्कम, कधी अख्खं खातं, गोठवते. मग दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसा, पगार त्याच खात्यात येत असला तरी.

दुसऱ्याच्या खात्यातला बँकरोल हा आपला बँकरोल नसतो. फर्ग्युसन ज्या फुल टिल्ट या पोकरच्या साइटवर खेळले, ते १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेत बंद पडलं आणि खेळाडूंचे पैसे अडकले. अमेरिकेतल्या खेळाडूंना परतफेड सुरू झाली ती २०१४ मध्ये. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे झालं, तर व्हॉट्सॲपवरच्या एजंटकडून काय धरणार?

चोर्ला_घाट

गोव्याचं एवढंच. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर पोकर कायदेशीर आहे, वय २१ पूर्ण हवं. पण "लहानापासून वाढवायचं" हे तिथं जमत नाही. ब्लाइंड १००/२०० धरला तर बाय-इन २०,००० आणि २० बाय-इन म्हणजे ४ लाख. शिवाय समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५-३० हात होतात. ऑनलाइन सहाजणांच्या एका टेबलावर ७०-८०. गणित_टिळकवाडी यांचे १०,००० हात तासाला २५ नं बसायला ४०० तास लागतील. महिन्यातून दोनदा जाऊन आठ-आठ तास बसलात तरी दोन वर्षं. जांबोटी-चोर्ला-साखळीमार्गे जायचं पेट्रोल, आत शिरायचे पैसे, राहणं, हे सगळं वहीत नालेसारखंच वजा करा. मग बघा काय उरतं.

खानापूर_लाईन

सगळ्यांचे आभार. क्लबचा नंबर ब्लॉक केला. रोजकीर्ददादा, एकच राहिलं: १/२ वरून उठायचं नेमकं कधी?

निपाणी_रोजकीर्द

२/५ ला बाय-इन ५०० चा. ३० बाय-इन म्हणजे १५,०००, तेही वहीतले, नाल वजा करून. सोबत १/२ वर निदान १०,००० हात झालेले हवेत. दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय नको. वर गेल्यावर तीन बाय-इन लावून बघा. १३,५०० वर आलात की त्याच दिवशी उठा, दुसऱ्या दिवशी १/२ वर. पुन्हा १५,००० झाले की पुन्हा जा. तीनदा असं झालं तर २/५ चे हात इथं टाका, बसून बघू.