सात दिवसांचा पास गुरुवारी काढा
बरेच जण म्हणतात की आठवड्यातून दोन-तीनदाच ऑफिसला जाणाऱ्याला प्रवासाचा पास परवडत नाही, सुटी तिकिटंच बरी. हिशेब साधा आहे: पासच्या किमतीला जाऊन-येऊन तिकिटाने भागा, तेवढ्या फेऱ्या होत नसतील तर पास घेऊ नका. मासिक पासबद्दल मान्यच. पण सात दिवसांचा पास काढल्या तारखेपासून मोजत असतील, तर तो आठवड्याच्या मध्येच काढून पुढच्या आठवड्याचे सुरुवातीचे दिवसही त्यातच का बसवू नयेत?

मी साहेबांकडून दिवस बदलून घेतले. एका आठवड्यात गुरुवार-शुक्रवार, पुढच्या आठवड्यात सोमवार ते बुधवार. पास गुरुवारी सकाळी काढायचा, तो बुधवारी रात्री संपतो. पाच फेऱ्या एका पासात, मग पुढच्या गुरुवारपर्यंत म्हणजे आठवडाभर घरून काम. सरासरी आठवड्याला अडीच दिवस भरतात, पास मात्र १४ दिवसांत एकच. कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा केल्यात, नाहीतर गोंधळ होतोच. मीटिंग घरून कामाच्या दिवशी सरकली की मात्र सुटं तिकीट काढावं लागतं. वर्षात दोनदा झालं, तेवढं चालतं. जिथे पास सोमवार ते रविवार असाच मोजतात, तिथे ही युक्ती चालणार नाही.