कोंडी हळू चालवणाऱ्यांमुळे होते की रस्त्यामुळे?

धागाकर्ता
"सगळ्यांनी जरा जोरात चालवलं तर कोंडी सुटेल" हे परवा पुन्हा ऐकलं. मला ते मुळातच चुकीचं वाटतं. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर एका लेनमधून तासाला जास्तीत जास्त १८०० गाड्या जातात. वेग ४० असो वा ८०, आकडा फारसा हलत नाही, कारण वेग वाढला की मधली जागाही वाढवावी लागते. पुढे सिग्नल असेल आणि आपल्या बाजूला निम्माच वेळ हिरवा मिळत असेल, तर उरल्या ९००. मध्ये कितीही दामटा, पोचणार त्याच रांगेच्या शेपटाला.

प्रतिसाद १
असहमत. रस्त्यावर सगळे एका वेगाने जातात कुठे? ओव्हरटेकच्या लेनमध्ये कोणी फोनवर बोलत रेंगाळला की मागचे लेन बदलायला लागतात, शेजारच्यांना ब्रेक मारावा लागतो. कोंडीची सुरुवात तिथे होते. हिरवा लागल्यावर पहिला माणूस चार सेकंद हलला नाही, तर तुमच्याच हिशेबाने त्या फेरीत दोन गाड्या कमी सुटतात. दिवसभरात किती फेऱ्या होतात?

धागाकर्ता
सिग्नलचं मान्य. रेंगाळण्याबद्दल म्हणाल, तर तुम्ही सांगताय तो वेगातला फरक आहे, कमी वेग नव्हे. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या रिंगणात २२ गाड्या, सगळ्यांना ताशी ३० किमीने चालवायला सांगितलेलं. सिग्नल नाही, चौक नाही, कोणी आडवं येत नाही. तरी थोड्या वेळात काही गाड्या थांबल्या, आणि ते थांबणं ताशी सुमारे २० किमी वेगाने मागे मागे सरकत राहिलं. त्यात हळू जाणारा एक गुन्हेगार कुणाला दाखवता येणार नाही. एकाने वेग किंचित कमी केला, मागच्याने त्याहून थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. चिकटून चालवणारा, करकचून ब्रेक मारणारा आणि मोकळं दिसताच सुसाट सुटणारा अशाच लाटा वाढवतो.

प्रतिसाद २
दोघांनी चालकालाच धरलंय. पुलाच्या तोंडाशी तीन लेनच्या दोन होतात तिथे कितीही शहाणा चालक काय करणार? रुंदीकरण हाच उपाय.

प्रतिसाद ३
रुंदीकरणाने गाड्याही वाढतात. डुरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांबद्दल दाखवलं की महामार्गांच्या लेनची एकूण लांबी जितक्या प्रमाणात वाढली, जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवासही वाढला. उलट दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २००३ ते २००५ या काळात शहराच्या मधोमध असलेला उन्नत मार्ग पाडून खालचा ओढा मोकळा केला, आणि शहर ठप्प झालं नाही.

प्रतिसाद २
सोलने २००४ मध्ये बससेवेची पूर्ण फेररचना केली होती, ते वगळू नका. आणि वाढलेला प्रवास म्हणजे वाया गेलेला पैसा असं का धरायचं? कोणी दूरची चांगली नोकरी धरली, कोणी आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयात नेलं. रस्ता पुन्हा भरला तरी जास्त लोकांची कामं झाली.

धागाकर्ता
हा मुद्दा महत्त्वाचा, मी त्याचा विचार केला नव्हता. तरी एक विचारतो. पुलाचं तोंड रुंद केल्यावर जादा गाड्या पुढच्या चौकात उभ्या राहतील, आणि तिथले हिरवे सेकंद तेवढेच आहेत. वळणाऱ्यांना वेगळी लेन, चौकाला चिकटलेला बसथांबा थोडा पुढे, कडेचं पार्किंग बंद, एवढं त्या चौकात आधी होणार असेल तर रुंदीकरणाला माझा विरोध नाही.