रोज १००० एमजी व्हिटॅमिन सी : 'अँटिऑक्सिडंट' म्हणून खरंच गरज आहे का?

रानकाठ (धागा सुरू करणारा)

बरेच दिवस मनात होतं, आज टाकतोच. पावसाळा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच सल्ला फिरायला लागतो, व्हिटॅमिन सी घ्या, अँटिऑक्सिडंट आहे, इम्युनिटी वाढते. आणि लोकं घेतात पण, कोण ५०० ची चघळायची आंबट गोळी, कोण पाण्यात टाकून फसफसणारी १००० ची, काहीजण तर दोन्ही. माझं म्हणणं सरळ आहे. व्हिटॅमिन सी शरीराला लागतंच, त्यात वाद नाही, पण "अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे जेवढं जास्त तेवढं चांगलं" हे चूक आहे आणि ह्या एका शब्दावर दुकानदारी चालू आहे.

आधी ते करतं काय ते बघू. पेशीत ऑक्सिजन वापरला जाताना फ्री रॅडिकल तयार होतात, त्यांना एक इलेक्ट्रॉन हवा असतो आणि तो ते समोर जे येईल त्यातून ओढतात, चरबी, प्रोटीन, डीएनए काहीही. व्हिटॅमिन सी स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि गोष्ट तिथेच थांबते. हे खरंय, टेस्ट ट्यूबमध्ये अगदी छान दिसतं. पण शरीरात त्याचं ह्याहून मोठं काम वेगळंच आहे. कोलॅजन म्हणजे कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या धरून ठेवणारं प्रोटीन, ते बनवणाऱ्या एन्झाइममधलं लोह कामाच्या अवस्थेत ठेवायचं हे काम त्याचं, ते झालं नाही की कोलॅजनचे धागे नीट पिळले जात नाहीत, मग हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमा परत उघडणं, म्हणजेच स्कर्व्ही. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या सर्जनने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी देऊन पाहिलं, संत्री-लिंबं मिळालेली जोडी सगळ्यात आधी उठून बसली. तेव्हा अँटिऑक्सिडंट हा विषयच नव्हता.

आणि स्कर्व्ही टाळायला दिवसाला साधारण १० एमजी पुरतं. आयसीएमआरने, म्हणजे आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये मोठ्या माणसासाठी पुरुषांना ८०, बायकांना ६५ एमजी सांगितलंय. एक मध्यम पेरू खाल्ला की झालं, उरलं. मग १००० कशाला?

आता "जास्त घेतल्याने हार्ट, कॅन्सर टळतो" ह्याचं उत्तर पण आहे. अमेरिकेत पन्नाशी पार केलेल्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांना सरासरी आठ वर्षं फॉलो केलं, कोणाला रोज ५०० एमजी, कोणाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. हार्ट अटॅक, स्ट्रोक, कॅन्सर, कशातच फरक नाही. २००८-०९ ला निकाल आले. तरी आपण तिथेच आहोत.

मेडिकलवाला_दादा

मी काउंटरवर बसतो त्यामुळे माझा ह्यात धंदा आहे हे आधीच सांगून टाकतो, पण तुमचं सगळं पटत नाही साहेब. पहिली गोष्ट, पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन आहे, जास्तीचं लघवीवाटे जातं, ए आणि डी सारखं साठत नाही. दुसरं, सर्दीवरचा डेटा तुम्ही सोडूनच दिलात. कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये सगळ्या ट्रायल एकत्र करून बघितल्या, ११ हजारांवर माणसं होती त्यात, रोज २०० एमजी किंवा जास्त घेणाऱ्यांची सर्दी मोठ्यांमध्ये ८ टक्के आणि लहान मुलांमध्ये १४ टक्के लवकर बरी झाली. हे शून्य नाहीये. दोन-तीन रुपयाच्या गोळीत एवढं होत असेल तर तुम्हाला त्रास काय आहे?

रानकाठ

@मेडिकलवाला_दादा त्याच रिव्ह्यूचं पहिलं वाक्य पण सांगा की, सर्वसामान्य लोकांमध्ये सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. ८ टक्के म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांत, आणि तेही सर्दीच्या आधीपासून रोज गोळी घेतलेली असेल तर. नाक वाहायला लागल्यावर गोळी सुरू केली तर खात्रीचा उपयोग दिसलाच नाही, आणि तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच येतं ना, शिंकत शिंकत?

आणि लघवीवाटे जातं हे बरोबर पण जाताना नुसतं जात नाही. काही भागाचं ऑक्झलेट होतं, मुतखड्यातलं. स्वीडनमध्ये पुरुषांना ११ वर्षं फॉलो केलं त्यात सप्लिमेंट घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं, २०१३ चंच आहे. आपल्याकडे मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात घाम जाऊन लघवी आधीच घट्ट, त्यात हे.

मेडिकलवाला_दादा

दुप्पट हा शब्द ऐकायला भयंकर वाटतो पण मुळात धोका छोटा असेल तर दुप्पट होऊन पण छोटाच राहतो, आणि बायकांमध्ये हा संबंध सापडलेला नाही हे पण लिहा. ज्याला आधी खडा झालाय त्याला मी स्वतः नको म्हणतो. थॅलेसेमियावाल्यांना, ज्यांच्या अंगात लोह साठतं त्यांना, त्यांना पण डॉक्टरला विचारल्याशिवाय देत नाही. पण ह्या अपवादांवरून सगळ्यांना घाबरवायचं का?

पहाटेची_धाव

मध्ये बोलतेय, माफ करा. मी लांब पल्ल्याचं पळते आणि आमच्या ग्रुपमध्ये स्पर्धेच्या आधी बरेच जण व्हिटॅमिन सी घेतात, त्याला आधार आहे. त्याच कॉक्रेनमध्ये मॅरेथॉन पळणारे, बर्फात स्कीइंग करणारे, कडक थंडीत सराव करणारे सैनिक अशा पाच ट्रायल वेगळ्या काढल्यात, जवळजवळ ६०० लोकं, त्यांच्यात सर्दी निम्मी झाली. निम्मी! म्हणजे शरीरावर भयंकर ताण असेल तेव्हा अँटिऑक्सिडंटची गरज वाढते हे दिसतंय ना सरळ. रानकाठ, तुम्ही सगळ्यांना एकाच मापाने मोजताय. जो दिवसभर एसीत बसतो आणि जी पहाटे चारला उठून तीस किलोमीटर पळते त्यांची गरज सारखी कशी असेल.

रानकाठ

@पहाटेची_धाव तुमचा मुद्दा ह्या धाग्यातला आत्तापर्यंतचा सगळ्यात दमदार आहे, स्पर्धेच्या आधीचे काही आठवडे घेत असाल तर माझी हरकत नाही. पण वर्षभर सरावाच्या काळात घेत असाल तर २००९ चा एक जर्मन प्रयोग जरूर बघा. तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना रोज १००० एमजी सी आणि सोबत व्हिटॅमिन ई, बाकीच्यांना काही नाही. व्यायामाने इन्सुलिन नीट काम करायला लागतं तो फायदा गोळी न घेणाऱ्यांना झाला, घेणाऱ्यांचा पुसला गेला. कारण व्यायामात तयार होणारे फ्री रॅडिकल हा शरीराला मिळणारा निरोपच असतो, की बाबा तयारी वाढव, स्वतःची संरक्षण व्यवस्था मजबूत कर. तो निरोपच आपण गोळीने दाबून टाकला तर शरीराने कशाला कष्ट घ्यायचे? फ्री रॅडिकल म्हणजे नुसता कचरा असं समजणं हीच अँटिऑक्सिडंट जाहिरातीतली मूळ गडबड आहे. पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या पण फ्री रॅडिकल सोडूनच.

कऱ्हाडची_लेक

रानकाठदादा, पांढऱ्या पेशींचं काढलंत म्हणून लिहिते. त्याच पेशी रक्तातल्यापेक्षा पन्नास ते शंभरपट जास्त व्हिटॅमिन सी स्वतःत भरून ठेवतात, ते कशाला? जंतूवर सोडलेल्या आगीत आपण स्वतः जळू नये म्हणून. म्हणजे अँटिऑक्सिडंटचं काम दुय्यम आहे हे मला मान्य नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीवर. तुम्ही अमेरिकेतले डॉक्टर, स्वीडनमधले पुरुष ह्यांचे दाखले देताय. ते लोक रोज फळं खाणारे, त्यांच्या अंगात आधीच भरपूर आहे, त्यांना वरून गोळी देऊन फरक पडणार कसा? आपल्याकडचं बघा. २०११ मध्ये भारतातला एक अभ्यास आला, साठीच्या पुढच्या साडेपाच हजारांहून जास्त लोकांचं रक्त तपासलं, उत्तरेत ७४ टक्के आणि दक्षिणेत ४६ टक्के लोकांना व्हिटॅमिन सी ची कमतरता होती. थोडं कमी नाही, कमतरता. गरिबी, तंबाखू, चुलीचा धूर, ही कारणं त्यात आली. धूर आणि तंबाखू हे व्हिटॅमिन सी खाऊन टाकतात, म्हणून तर अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्याला ३५ एमजी जादा सांगतात.

माझी आई गावाकडे असते. दात नाहीत, पेरू चावत नाही, आंबट लागलं की घशाशी येतं म्हणून लिंबू बंद केलंय, भाजी अगदी गळून जाईपर्यंत शिजवते कारण तशीच जाते तिला. आणि तिच्या वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या अशाच आहेत, वर मिश्री. तुमचा "एक पेरू खा" हा सल्ला ज्याला पेरू परवडतो आणि चावतो त्याच्यासाठी आहे. तुमची पोस्ट वाचून उद्या कोणी आईची गोळी बंद केली तर?

रानकाठ

@कऱ्हाडची_लेक ताई, तुमच्या आईची गोळी बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. कमतरता भरून काढणं आणि भरलेल्या भांड्यात ओतत राहणं ह्यातला फरकच मी सांगतोय. रोज २०० ते ४०० एमजी पोटात गेलं की रक्तातली पातळी जवळपास वर टेकते, पुढे आतडं कमी शोषतं, १००० च्या वर गेलात की निम्म्याहून कमी आत जातं. तुमच्या आईला १०० मिळालं तरी पुष्कळ, आणि ज्या वाडीला ते मिळत नाही तिथे कोणी जाहिरात करायला जात नाही, जाहिरात होते ती जिमच्या बाहेर आणि पार्लरमध्ये. गोरं दिसायला व्हिटॅमिन सी ची सलाइन लावतात आता, कळतंय का कुठे चाललंय ते.

पॉलिंगप्रेमी

सगळे तोंडाने घ्यायच्या गोळीवरच बोलताय. लायनस पॉलिंग, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, दोन नोबेल, दोन्ही एकट्याच्या नावावर, त्याने १९७० पासून सांगितलं की ग्रॅममध्ये घ्या. स्कॉटलंडच्या इवान कॅमेरॉनसोबत कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांवर काम केलं, सुरुवातीला शिरेतून दिलं, रुग्ण जास्त जगले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक ह्या हॉस्पिटलने १९७९ आणि १९८५ ला ते खोडून काढलं म्हणतात पण त्यांनी फक्त तोंडाने दिलं. शिरेतून दिलं की रक्तातली पातळी कितीतरी पट वर जाते. रानकाठ स्वतःच म्हणतोय की आतडं शोषत नाही, मग तोंडाने दिलेल्या ट्रायलवरून निकाल कसा लावता?

आयसीयू_नाईट

@पॉलिंगप्रेमी शिरेतून दिलेल्यावर पण निकाल आलाय आणि तो आमच्या रोजच्या कामातला आहे म्हणून लिहिते. सेप्सिसमध्ये म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव निकामी व्हायला लागलेल्या रुग्णांना मोठ्या डोसमध्ये व्हिटॅमिन सी द्यायची लाट आली होती काही वर्षांपूर्वी, नातेवाईक फोनवर व्हिडिओ दाखवून मागायचे, आणि मागणार नाहीत तर काय करतील, आपलं माणूस व्हेंटिलेटरवर असताना. मग २०२२ ला ८७२ रुग्णांची ट्रायल आली. व्हिटॅमिन सी दिलेल्यांमध्ये २८ दिवसांत मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण ४४.५ टक्के, न दिलेल्यांमध्ये ३८.५. म्हणजे नुकसान. तेव्हा "निदान तोटा तरी नाही" हे वाक्य मी आता कोणाकडून ऐकून घेत नाही.

आणि एवढ्या मोठ्या डोसला ते अँटिऑक्सिडंट राहतच नाही, लोह-तांब्याच्या संगतीत उलट हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. कॅन्सरवर आज जे संशोधन चालू आहे ते ह्या उलट्या गुणावरच आहे. जी-६-पीडी हे रक्तपेशींना जपणारं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या माणसाच्या रक्तपेशी त्यात फुटू शकतात, आणि काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात, त्यावर कोणी इन्सुलिन दिलं तर जीवावर बेतेल. पार्लरमध्ये सलाइन लावणारी व्यक्ती ह्यातलं काय तपासते?

कॅमेरॉनचे रुग्ण चिठ्ठी टाकून वाटलेले नव्हते, जुन्या नोंदींशी तुलना केली होती. नोबेल कितीही असोत, पद्धत ती पद्धत.

पॉलिंगप्रेमी

सेप्सिस आणि कॅन्सर एक नाही. कॅन्सरवर शिरेतून दिलेल्या मोठ्या, नीट ट्रायल अजून हव्यात एवढंच मी म्हणेन, दार बंद करू नका.

मेडिकलवाला_दादा

बरं मला एक सांगा, लोहाच्या गोळीबरोबर व्हिटॅमिन सी द्यायचं की नाही? इतकी वर्षं डॉक्टर लिहून देतायत.

रानकाठ

हा खरा कामाचा प्रश्न. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे, एनएफएचएस-५ ह्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा. लोहाच्या गोळीसोबत सी ची गोळी देऊन २०२० मध्ये चीनमध्ये ४४० जणांवर बघितलं, हिमोग्लोबिन दोन्हीकडे सारखंच वाढलं, जादा गोळीचा फायदा नाही. पण जेवणातल्या लोहाची गोष्ट वेगळी आहे. मेथी, नाचणी, मटकी ह्यातलं लोह आतड्याला सहज घेता येत नाही, त्याच घासात व्हिटॅमिन सी असेल तर ते विरघळणाऱ्या रूपात जातं आणि जास्त शोषलं जातं. म्हणून वरण-भातावर लिंबू पिळायचं ते ताटात, शिजताना नाही, उष्णतेने आणि पाण्यात जातं ते. मोड आलेली मटकी असेल तर अजून चांगलं, मोड आणल्यावर व्हिटॅमिन सी तयार होतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं.

कऱ्हाडची_लेक

आवळा कोणी काढलाच नाही अजून. शंभर ग्रॅमला अडीचशे एमजीच्या आसपास, लिंबाच्या कितीतरी पट. दात नसलेल्या माणसाला ताजा आवळा किसून ताकात कालवून देता येतो, आंबटपणा पण कमी लागतो. पण सीझन संपला की वाडीत काय? शेवग्याचा पाला बारमाही आणि फुकट, तो पण शंभरच्या घरात आहे, शिजवल्यावर बराच जातो तरी काहीतरी उरतं. तरी माझं म्हणणं कायम आहे, साठीच्या पुढच्या, तंबाखू-मिश्रीवाल्या, चुलीपुढे बसणाऱ्या माणसाला वर्षाचे काही महिने तरी छोट्या डोसची गोळी सरकारी दवाखान्यातून मिळायला पाहिजे, लोहाची मिळते तशी.

मेडिकलवाला_दादा

ह्याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि ५०० ची गोळी असेल तर अर्धी करून एकाआड एक दिवस द्या ताई, तेवढं पुष्कळ झालं, पण आधी खडा वगैरे नाही ना ते विचारून घ्या.

पहाटेची_धाव

मी सरावाच्या दिवसांत बंद करून बघणार नाही अजून तरी, तो जर्मन प्रयोग तरुण मुलांवर होता आणि सोबत व्हिटॅमिन ई पण होतं, नुसत्या सी वर बायकांमध्ये काय होतं ते कोणाकडे असेल तर टाका इथे. वाचेन.