शब्दचर्चा: जपानी लोकलचं ‘ताइशित्सु काइझेन’ – नूतनीकरण म्हणावं का?

प्रश्न
जपानी लोकल गाड्यांबद्दल वाचताना ‘ताइशित्सु काइझेन’, ‘किकि कोशिन’ आणि ‘झेनपान केन्सा’ हे शब्द सारखे येतात. मराठीत तिन्हींना सरसकट ‘नूतनीकरण’ लिहिलेलं दिसतं. वेगवेगळे शब्द आहेत का? आणि ‘४०एन’, ‘३०एन’ म्हणजे काय?

उत्तर
‘ताइशित्सु’ म्हणजे माणसाची प्रकृती. वैद्य ‘तुमची प्रकृती पित्ताची’ म्हणतात ना, तीच. ‘काइझेन’ म्हणजे सुधारणा. पण पुणे-चिंचवडच्या कारखान्यांत काइझेन म्हटलं की कामगाराने सुचवलेली छोटी, रोजची सुधारणा आठवते. तो अर्थ इथे आणू नका. इथे काम थेट डब्याच्या पत्र्यापर्यंत जातं. म्हणून ‘प्रकृतिसुधार’ मला चपखल वाटतो.

 ‘४०एन’ म्हणजे गाडी बांधल्यापासून ४० वर्षं चालावी अशा बेताने केलेलं काम. आणखी ४० वर्षं असा अर्थ नाही, ही चूक फार होते. पश्चिम जपानची रेल्वे कंपनी जेआर वेस्टने १०३ मालिकेच्या लोकलवर आधी ४०एन केलं. खर्च आवरण्यासाठी काम कमी करून ३०एन आलं. २०१ मालिकेला २००३ पासून हे ३०एनच मिळालं.

शंका
पण नूतनीकरणात काय चुकलं? जुनं होतं, नवं केलं.

उत्तर
काय नवं केलं, हेच त्यातून कळत नाही. २०१ चंच बघा. डबा साध्या पोलादाचा, २० मीटर लांब, प्रत्येक बाजूला चार दुपाखी दारं. दार उघडताना प्रत्येक पाखं भिंतीतल्या पोकळीत शिरतं. जपानीत त्या पोकळीला ‘तोबुकुरो’, म्हणजे दाराची पिशवी म्हणतात. किती नेमका शब्द! एका डब्यात अशा १६ पिशव्या. त्यांना बाहेरूनही काच असायची. काचेभोवतीचं रबर वर्षांनुवर्षांच्या उन्हाने कडक झालं की पावसाचं पाणी आत उतरतं, तळाशी साचतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरच्या रंगावर फोड दिसेपर्यंत आतलं काम होऊन गेलेलं असतं. म्हणून ३०एनमध्ये या पिशव्यांच्या खिडक्या पत्र्याने कायमच्या बंद केल्या. बाकी खिडक्यांच्या चौकटीही बदलल्या: खालची मोठी काच पक्की, उघडतो तो फक्त वरचा भाग. उघडझाप करणारा भाग कमी, तेवढ्या पाणी शिरायच्या जागा कमी.

मोटारींचा प्रवाह सांभाळणारा थायरिस्टर चॉपर मात्र तसाच राहिला. नूतनीकरण वाचणाऱ्याला वाटणार, गाडीची यंत्रणाही नवी झाली. तसं झालेलं नाही.

पुरवणी
याच्या बरोबर उलट उदाहरण पूर्व जपानची रेल्वे कंपनी जेआर ईस्टच्या २०९ मालिकेचं. ही १९९३ मध्ये तोक्योच्या केइहिन-तोहोकु मार्गावर आली. वजन निम्मं, किंमत निम्मी, आयुष्य निम्मं, हा तिचा गाजलेला मंत्र. जपानी हिशेबात विजेच्या गाडीचा घसारा १३ वर्षांत पूर्ण होतो, त्याच्याशी जुळणारा. तरी त्यातल्या बऱ्याच गाड्या २००९ पासून चिबाच्या बोसो भागात गेल्या. स्टेनलेस स्टीलच्या डब्याला गंजाची तशी धास्ती नाही, पण इलेक्ट्रॉनिक्स जुनं होतं आणि सुटे भाग मिळेनासे होतात. म्हणून मोटारींना वीज पुरवणारे जुन्या पिढीचे जीटीओ इन्व्हर्टर काढून नव्या पिढीचे आयजीबीटीचे बसवले. गाडी सुटतानाचा आवाजही त्यामुळे बदलला. हे ‘किकि कोशिन’: किकि म्हणजे उपकरणं, कोशिन म्हणजे बदलून नवं करणं. मराठीत सरळ ‘यंत्रणा-बदल’.

त्याच खेपेला लांबच्या प्रवासासाठी शौचालय बसलं, दाराशी उघडायची बटणं आली, टोकाच्या डब्यांत काही समोरासमोरची आसनं आली. ही तिसरी गोष्ट, ‘रूपांतर’ म्हणावी अशी. तिला यंत्रणा-बदलात कोंबू नये.

प्रश्न
आणि झेनपान केन्सा? तेच ना आपलं पीओएच, म्हणजे लोकलचं ठरावीक मुदतीचं ओव्हरहॉल?

उत्तर
जवळपास. माटुंगा किंवा महालक्ष्मी वर्कशॉपमध्ये लोकल पीओएचला जाते, तशीच ही ठरलेल्या मुदतीची तपासणी. जपानात जास्तीत जास्त ८ वर्षांनी. गाडी पूर्ण सोडवतात, तपासतात, पुन्हा जोडतात. पण आयुष्य वाढवणं हा तिचा हेतू नाही. ‘सर्वंकष तपासणी’ लिहा, किंवा मुंबईच्या वाचकासाठी बिनधास्त पीओएच.

आणखी एक
‘कायापालट’ आणि ‘जीर्णोद्धार’ही सुचवले जातात. जीर्णोद्धार देवळाचा, गाडीला लावला की वाक्य उगाच सोवळं होतं. कायापालट जाहिरातीत चालेल, तांत्रिक मजकुरात नको. २०९ ची तर काया तीच राहिली, बदललं ते तळाखालचं. ‘डागडुजी’ फारच थोडी पडते, तिच्यात पत्रा कापणं बसत नाही.

वापर असा करता येईल: ‘२०१ मालिकेच्या ओसाकातील गाड्यांचा ३०एन प्रकृतिसुधार झाला, मात्र चॉपर मूळचाच राहिला. ओसाका वर्तुळमार्गावरून ही मालिका ७ जून २०१९ रोजी निवृत्त झाली.’