ईमेल एकच, खाती दोन

प्रश्न: आमच्या क्लासची नोंदणी मायएसक्यूएल या डेटाबेसवर होती तोवर सुखात होतो. गेल्या आठवड्यात पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आणली आणि एकाच मुलीची दोन खाती झाली. एकात ईमेलचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्यात स्मॉल. फोनचा कीबोर्ड आपणहून कॅपिटल करतो, तिचा काय दोष! ईमेलचा कॉलम युनिक आहे, म्हणजे एकच ईमेल दोनदा चालत नाही, मग घुसलं कसं?

उत्तर: मायएसक्यूएल ८ चं डीफॉल्ट कोलेशन (अक्षरं जुळवायचा नियम) लहानमोठं अक्षर एकच धरतं, पोस्टग्रेस धरत नाही. लोअर(ईमेल) वर, म्हणजे सगळी अक्षरं स्मॉल केलेल्या ईमेलवर, युनिक इंडेक्स टाका. आधी दुहेरी नोंदी निस्तरा, नाहीतर इंडेक्स बनणारच नाही.

उत्तर: किंवा कॉलमचा प्रकार सीआयटेक्स्ट करा, तो लहानमोठं एकच धरतो.

उत्तर: ईमेलचं ठीक, पण नावांना हात लावू नका. मी एकदा हौसेने कॉलेजांच्या इंग्रजी नावांवर इनिटकॅप (शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी स्मॉल) चालवलं. 'आयआयटी'चा फक्त पहिला आय कॅपिटल उरला! बॅकअप होता म्हणून वाचलो. नाव लिहिलंय तसंच ठेवा, शोधताना लोअर करा. देवनागरीत कॅपिटलची भानगडच नाही, पण 'ऱ' कधी एका कोडपॉइंटचा (संगणकातला अक्षराचा क्रमांक), कधी र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब). दिसायला तंतोतंत सारखा, जुळत मात्र नाही.

प्रश्नकर्ता: शोधलं तर अशा दुहेरी खात्यांच्या अकरा जोड्या निघाल्या. प्रत्येक जोडीत फी भरलेलं खातं कुठलं, ते आता पावतीपुस्तकातून बघतोय.